वारा, कोळसा आणि लाइटबिल

सुरतेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण बंदरापासून सुरुवात करतात. वखारी, गलबतं, मोठमोठे शेठ, मग जर, हिरे आणि साड्या. हाच इतिहास दुसऱ्या टोकानेही वाचता येतो. इथला माल न्यायला, विणायला, रंगवायला जी शक्ती लागत होती, ती त्या त्या काळी कुठून यायची आणि तिचे पैसे कोण मोजायचं? गलबत वाऱ्यावर चाललं, रेल्वे कोळशावर, माग विजेवर. आता जग पुन्हा वाऱ्याकडे आणि उन्हाकडे वळतंय.

पेपरात हल्ली ‘जागतिक स्पर्धा’, ‘पायाभूत सुविधा’ आणि ‘स्वच्छ ऊर्जा’ हे तीन शब्द हातात हात घालून येतात. आपण बायका ते पान उलटून पुढे जातो, कारण ते शब्द मंत्र्यांचे आणि शेठलोकांचे वाटतात. पण महिन्याचं लाइटबिल आलं की ते पहिल्यांदा उघडून बघते ती घरातली बाईच. त्या तीन मोठ्या शब्दांचं शेवटचं टोक त्याच कागदावर असतं. म्हणून हा इतिहास आपलाही आहे, आणि तो डिंडोलीत बसून चांगला दिसतो.

डिंडोली सुरतेच्या आग्नेयेला. एके काळी हे तलाव आणि शेतं असलेलं वेगळं गाव होतं. आता महानगरपालिकेत आहे. डिंडोली, लिंबायत, गोडादरा, उधना, पांडेसरा हा पट्टा म्हणजे सुरतेत येऊन वसलेला खानदेशच. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. भाजीवालीशी गुजराती, शेजारणीशी अहिराणी, शाळेच्या वहीत मराठी आणि मार्केटात हिंदी, अशा चार भाषा इथली बाई दिवसभरात सहज बोलून जाते. या सगळ्यांना इथवर आणणारा रूळ उधन्याहून फुटतो आणि आमच्या वस्तीच्या कडेने निओल, चलथान करत भुसावळकडे जातो. त्या रुळाबद्दल पुढे सांगते. आधी वाऱ्याचं सांगायला हवं.

वाऱ्यावरचा व्यापार

सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर होतं. इंग्रजांचं ‘हेक्टर’ हे जहाज १६०८ मध्ये इथे आलं. पोर्तुगीज समुद्रावर आधीपासून दबा धरून होते आणि डचही मागे नव्हते. कोणाला मिरी हवी होती, कोणाला नीळ, कोणाला आपलं सुती कापड. परदेशी कंपन्यांची एकमेकींशी चाललेली चढाओढ म्हणजे काय, हे सुरतेने तेव्हाच जवळून पाहिलं. आणि ही सगळी चढाओढ मोसमी वाऱ्यावर चालायची. वारा फिरला की जहाजं सुटायची, वारा फिरेपर्यंत थांबायची. वाऱ्याला भाडं नव्हतं आणि धूरही नव्हता.

त्या काळातलं आपल्या समाजाचं एक नाव म्हणजे वीरजी व्होरा. हे सुरतेचे जैन व्यापारी. ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात त्यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं, कारण कंपनीला रोकड हवी असली की ती त्यांच्याकडे हात पसरायची. आलेला सगळा माल एकगठ्ठा विकत घ्यायचा आणि मग आपला भाव ठरवायचा, ही त्यांची रीत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने सुरत लुटली तेव्हा वीरजी व्होरांचा वाडाही लुटला गेला. शाळेत हा धडा आपण अभिमानाने शिकलो. सुरतेत मराठी जैन म्हणून राहताना तोच धडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. स्थानकवासी परंपरेत असं सांगतात, की क्रियोद्धारक लवजी ऋषी हे याच वीरजींच्या मुलीचे, फूलाबाईंचे पुत्र. आजोबांच्या घरातली संपत्ती आणि नातवाने धरलेला अपरिग्रह एकाच अंगणातले होते, हे मला फार बोलकं वाटतं.

पण सुरत पुढे मागे पडली, ती का? तापीचा गाळ बंदरात साचत गेला. मोठ्या जहाजांना खोल पाणी हवं होतं, ते मुंबईला होतं. १६८७ मध्ये कंपनीने आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं. व्यापाऱ्यांची हुशारी तीच होती, कारागिरांचा हातही तोच होता. पाण्याची खोली कमी पडली. आजच्या भाषेत, पायाभूत सुविधा कमी पडली. ज्याचं बंदर चांगलं त्याचा माल पुढे जातो, हे सुरतेला तीनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं.

कोळशाचा रूळ

एकोणिसाव्या शतकात वाऱ्याची जागा वाफेने घेतली. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे तोंड वळवलं. खानदेशाच्या काळ्या मातीला अचानक सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास मुंबईहून निघालेली रेल्वे खानदेशात पोचली. अमेरिकेतल्या लढाईचा झटका जळगावच्या शेतकऱ्याला बसला. आधी चढत्या भावाचा आणि युद्ध संपल्यावर कोसळत्या भावाचा.

त्यानंतर तापीच्या खोऱ्यातून थेट सुरतेला जाणारा रूळ आला. तापी व्हॅली रेल्वे ही कंपनी मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने उभी केली. सुरत ते अमळनेर, सुमारे अडीचशे किलोमीटर, टप्प्याटप्प्याने बांधून १९०० च्या सुमारास हा मार्ग पुरा झाला. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा ही नावं आमच्याकडची मुलं स्टेशनांच्या क्रमानेच पाठ करतात. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. बाकड्याच्या एका टोकाला बसलं की एक राज्य, दुसऱ्या टोकाला दुसरं.

हा रूळ टाकला होता कापूस, धान्य आणि लाकूड न्यायला. पण रूळ एकदा पडला की त्यावरून काय जाईल ते टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही. पुढे त्याच रुळावरून माणसं आली. दुष्काळात आली, कोरडवाहू शेती परवडेना म्हणून आली, मागावर काम मिळतंय असं भावाने कळवलं म्हणून आली. पैसा लावणाऱ्यांनी मालाचा हिशेब केला होता. डिंडोली त्या हिशेबात कुठेच नव्हती. तरी त्या रुळाची आज डोळ्यांना दिसणारी सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे आमच्या या वस्त्याच.

सुरतेत त्या काळी जरीचं काम मोठं होतं. सोन्याचांदीची तार ओढायची, चपटी करायची, रेशमावर गुंडाळायची. फ्रान्सच्या यंत्रांवर बनलेली स्वस्त जर बाजारात आली आणि इथल्या कारागिरांचे हाल सुरू झाले. अखेर १९३१ मध्ये सरकारने जरीच्या धंद्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि बाहेरच्या मालावर जकात वाढवली. आज चीनच्या मालावर आयातशुल्क लावण्याची चर्चा आपण ऐकतो, तिचं हे जुनं रूप. आपल्या आज्या-पणज्यांच्या लग्नातल्या शालूच्या पदरातही जागतिक स्पर्धा होती.

मागाला वीज हवी

स्वातंत्र्यानंतर सुरत यंत्रमागाची झाली. आधी आर्ट सिल्क, मग नायलॉन, मग पॉलिएस्टर. मागाची खटखट चोवीस तास चालली तरच धंदा परवडतो, आणि त्यासाठी चोवीस तास वीज हवी. ती आणायला धरणं आणि औष्णिक केंद्रं उभी राहिली. तापीवरचं उकाई धरण १९७२ मध्ये पुरं झालं. तिथे पाण्यावर ३०० मेगावॉट वीज तयार करण्याची सोय आहे आणि शेजारी कोळशावरचं केंद्रही आहे. पुढे काकरापारला अणुवीज आली.

उकाईची पाण्यावरची वीज धुराविना येते, म्हणून ती स्वच्छ. पण त्या जलाशयाखाली दीडशेहून अधिक गावं गेली, त्यात नवापूर आणि नंदुरबारकडच्या आदिवासींची गावंही होती. गाडी उकाईजवळून जाताना खिडकीतून जे काही बघायचं ते पाण्यावरूनच बघायचं, खाली काय आहे ते दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इथे पाण्याखाली आहे.

आता या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तुलसी तांती हे मूळचे राजकोटचे, सुरतेत कापडाचा कारखाना चालवायचे. वीज महाग, तीही बेभरवशाची. विजेचा खर्चच नफा खाऊन टाकायचा. तेव्हा १९९० च्या सुमारास त्यांनी कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की कापडापेक्षा पवनचक्कीचाच धंदा मोठा आहे. १९९५ मध्ये त्यांनी भावांसोबत सुझलॉन ही कंपनी काढली. तिचं मुख्यालय पुढे पुण्यात झालं. म्हणजे आपल्या देशातली पवनऊर्जेची एवढी मोठी कंपनी जन्माला आली ती सुरतेच्या एका कापडवाल्याच्या लाइटबिलातून. पर्यावरणाची काळजी नंतर आली, आधी बिल आलं. यात कमीपणा मानायचं कारण नाही. घरात बचतीची सवय लागते तीही बहुतेक वेळा अशीच.

पुढची गोष्ट मात्र चढउतारांची आहे. २००७ मध्ये सुझलॉनने जर्मनीची रीपॉवर ही कंपनी मिळवली, तीही फ्रान्सच्या अरेवासारख्या बलाढ्य कंपनीशी बोलीत टक्कर देऊन. सगळ्या देशाची मान उंच झाली. पण ही खरेदी कर्जावर होती. नंतर जगभर मंदी आली, अमेरिकेत पात्यांना तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २०१२ मध्ये कंपनी परदेशी रोख्यांची परतफेड करू शकली नाही. २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकावी लागली. परिग्रहाला मर्यादा घालावी हे पाचवं अणुव्रत आपण रोज म्हणतो. ते मोठ्या कंपनीच्या ताळेबंदालाही लागू पडतं हे मला या प्रकरणात कळलं. कंपनी नंतर सावरली. तांती २०२२ मध्ये गेले.

आणि वारा कुठला? तर आपल्याच खानदेशातला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, त्याला जर्मनीच्या सरकारी बँकेचं कर्ज होतं. ज्या साक्री-नंदुरबारकडून माणूस कामासाठी सुरतेला आला, त्याच्या गावचा वारा आणि ऊन मागे राहून वीज करू लागले. पठारावरची वनजमीन वर्षानुवर्षं कसणाऱ्या आदिवासींनी आपल्या हक्कासाठी मोर्चेही काढले. उकाईच्या वेळी जो प्रश्न होता तोच पुन्हा आला: वीज स्वच्छ आहे, पण जमीन कोणाची होती?

उन्हाचा बाजार

वाऱ्यानंतर ऊन. सौर पॅनल आपल्याला छपरावरची साधी काळी पाटी वाटते, पण तिच्यामागे जगातली आजची सगळ्यात चुरशीची शर्यत आहे. वाळूतून सिलिकॉन, सिलिकॉनच्या लाद्या, लाद्यांचे पातळ काप, कापांचे सेल आणि सेल जोडून पॅनल, अशी ही साखळी. तिच्या प्रत्येक टप्प्यावर जगातलं ८० टक्क्यांहून अधिक उत्पादन एकट्या चीनकडे आहे. चीनने अवाढव्य कारखाने काढले, सरकारने स्वस्त कर्ज आणि जमीन दिली, आणि पॅनलचे भाव जगभर कोसळले. आपल्या छपरावर सौर वीज परवडू लागली ती यामुळेच, हे मान्य केलं पाहिजे. पण एकाच दुकानावर सगळं घर चालवायचं म्हटलं की दुकानदार म्हणेल तो भाव. म्हणून एप्रिल २०२२ पासून भारताने बाहेरच्या पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के आयातशुल्क लावलं. १९३१ च्या जरीच्या कायद्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

या शर्यतीत सुरत आणि शेजारचा नवसारी जिल्हा पुढे आले. पॅनलचे मोठमोठे कारखाने या भागात आहेत. त्यातली ‘वारी’ ही कंपनी सगळ्यांना ठाऊक आहे. नवसारी जिल्ह्यात चिखलीला तिचा प्रचंड कारखाना आहे आणि अमेरिकेत टेक्ससमध्येही तिने उत्पादन सुरू केलं. पण ‘वारी’ हे नाव कुठून आलं? कंपनीचे संस्थापक हितेश दोशी हे बुलढाणा जिल्ह्यातल्या टुनकी गावचे, आणि तिकडच्या वारी हनुमानाच्या देवस्थानावरून हे नाव ठेवलं. विदर्भातल्या एका खेड्यातलं देवस्थान आज अमेरिकेतल्या छपरांवर लिहिलेलं आहे. मराठी माणसाने धंदा करू नये असं अजून कोणी म्हणत असेल, तर त्याला हे सांगावं.

अमेरिकेचंही ऐका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. सुरतेच्या हिऱ्यांना आणि कापडाला त्याचा धक्का बसला. दूरच्या देशात एक कागद निघतो आणि इथे कारखान्यात पाळी कमी होते. वीरजी व्होरांच्या काळात हीच बातमी जहाजाबरोबर काही महिन्यांनी यायची. आता ती रात्रीत येते.

इंगालकर्म

इथे मला आपल्या प्रतिक्रमणातली एक यादी आठवते. सातव्या व्रताच्या अतिचारांमध्ये पंधरा कर्मादानं येतात. ज्या धंद्यांत हिंसा फार, ते श्रावकाने टाळावेत म्हणून. त्यांत ‘साडीकम्मे’ म्हणजे साडीचा धंदा असं लहानपणी कितीतरी मुलींना वाटतं, आणि सुरतेत तर ते अगदी खरं वाटतं! तो शब्द गाड्यांचा आहे, शकटकर्म. पण यादीतलं पहिलंच कर्म आहे ‘इंगालकम्मे’. इंगाल म्हणजे अंगार, निखारा. आग पेटवून, कोळसा करून, भट्ट्या लावून चालवलेला धंदा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बसून विचार केला, की तुझ्या पोटासाठी काय जळतंय ते आधी बघ. स्वच्छ ऊर्जेचा मूळ प्रश्न याहून वेगळा नाही.

सुरतेची साडी कशावर रंगते ते बघा. विणलेलं कापड प्रोसेस हाऊसमध्ये जातं. तिथे ते धुतात, रंगवतात, छापतात, त्यासाठी सतत वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलर. पांडेसरा, सचिन, पलसाणा इथल्या बॉयलरमध्ये कोळसा आणि लिग्नाइट जळतो. डिंडोलीत गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर काळी कणी बसते ती झटकायची नाही, हे इथे नव्याने आलेल्या सुनेलाही आठवड्यात कळतं. झटकली की डाग पडतो. हलकेच फुंकर घालायची.

या धुराबद्दल सुरतेत एक जगावेगळा प्रयोग झाला. २०१९ मध्ये गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुरातल्या बारीक कणांचा बाजार सुरू केला. अशा कणांसाठी जगातला हा पहिलाच. सुमारे ३०० कारखाने त्यात घेतले, त्यातले बहुतेक कापडाचे. धुराड्याला यंत्र लावून रोज किती कण बाहेर पडतात ते मोजायचं. सगळ्यांनी मिळून किती सोडायचे त्याची मर्यादा ठरवायची. ज्याने कमी सोडले त्याने आपला उरलेला वाटा जास्त सोडणाऱ्याला विकायचा. या बाजारात असलेल्या कारखान्यांचे कण बाहेरच्या कारखान्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं. पाप विकत घेता येतं का, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. पण जे मोजलं जात नव्हतं ते मोजलं जाऊ लागलं, हा लाभ खरा आहे. आलोचना तरी काय असते? आधी मोजायचं, कबूल करायचं, मग कमी करायचं.

पाण्याचंही तसंच. आपण पाणी गाळून घेतो आणि गाळण्यावरचे जीव जिथलं पाणी तिथे परत सोडतो. जिवाणी म्हणतात त्याला. महानगरपालिकेने सांडपाण्याचं काहीसं असंच केलं. आंजण्याच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात २००३ मध्ये मैल्यातून निघणाऱ्या गॅसवर वीज तयार होऊ लागली, देशातल्या अशा सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी हा एक. २०१४ मध्ये बमरोलीला सांडपाणी आणखी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकायला सुरुवात झाली, रोज ४ कोटी लिटर. पुढे आमच्या डिंडोलीतही तसा प्रकल्प आला. म्हणजे आपल्या मोरीतून गेलेलं पाणी फिरून साडी रंगवायला जातं. तितकं नदीचं पाणी वाचतं. ही बातमी पहिल्या पानावर येत नाही, पण माझ्या मते स्वच्छतेचं हे खरं काम आहे.

मीटर कोणाच्या नावावर

आता आपल्या गल्लीत येऊ. रंगून आलेली साडी रिंगरोडच्या मार्केटात जाण्याआधी घराघरांत फिरते. लेस लावायची, टिकल्या चिकटवायच्या, सुटलेले धागे कापायचे. डिंडोली-लिंबायतच्या हजारो बाया हे काम घरात बसून करतात, नगावर. स्वयंपाक, मुलांची शाळा, सासूचं औषध हे सगळं सांभाळून. यंत्रमागाला वीज कमी दरात मिळावी म्हणून संघटना भांडतात. चीनच्या कापडाशी टक्कर घ्यायची तर खर्च कमी करा असं सरकारही म्हणतं. पण ही बाई जो बल्ब लावून टिकल्या चिकटवते, त्या बल्बचा खर्च साडीच्या किमतीत कोणी धरत नाही. तो तिच्या घरखर्चात जातो. तिच्या कारखान्याला पाटी नाही, म्हणून तिच्या विजेला धंद्याची म्हणत नाहीत.

आमच्या मागच्या गल्लीतली एक शिरपूरकडची बाई मला म्हणाली, “भाभी, लाइट गयी ते रोज बुडना.” लाइट गेली की दिवसाची मजुरी बुडाली. जागतिक स्पर्धेवरचं एवढं थोडक्यात भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना आणली. १ कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनल, तीन किलोवॉटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. गुजरात यात खूप पुढे आहे, आणि सुरतेच्या बंगल्यांच्या गच्च्यांवर निळ्याकाळ्या पाट्या चमकताना दिसतात. बिल जवळजवळ शून्यावर आलं असं आपल्या कितीतरी मैत्रिणी सांगतात. चांगलंच आहे. पण त्यासाठी छप्पर स्वतःचं हवं आणि मीटर स्वतःच्या नावावर. डिंडोलीत एका माळ्यावर चार-पाच खोल्या, प्रत्येकीत एक बिऱ्हाड, आणि मुख्य मीटर घरमालकाचा. भाडेकरू युनिटला मालक सांगेल तो भाव देते. छपरावर ऊन सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच पडतं, पण अनुदान छपराच्या मालकापाशी थांबतं. बंदर झालं, रूळ झाला, धरण झालं, पवनचक्की झाली. प्रत्येक वेळी सोय आली ती ज्याच्याकडे आधीच काही होतं त्याच्याकडे आधी पोचली. उरलेल्यांकडे ती पोचली तेव्हा कोणीतरी मुद्दाम पोचवली म्हणून.

म्हणून मी हे आपल्या समाजापुढे मांडते आहे. प्रोसेस हाऊस आपल्यापैकी कोणाचं असेल, मार्केटातली दुकानं आपली आहेत, भाड्याने दिलेल्या खोल्याही आपल्यापैकी कितीतरी घरांच्या आहेत. चीनला काय करायचं ते सरकार बघेल, अमेरिकेच्या शुल्काचंही तेच बघेल. आपल्या हातात आहे ते वेगळं आहे. खोल्या भाड्याने देताना प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा मीटर देता येतो. नाहीतर निदान बिलाचा कागद दाखवून, जेवढं आलं तेवढंच घेता येतं. स्थानकाच्या, धर्मशाळेच्या, समाजभवनाच्या छपरांवर आपण सौर पॅनल बसवतो आहोत, ट्रस्टच्या बैठकांत ते विषय मंजूर होत आहेत. त्या छपराखालची एक खोली दुपारी टिकल्या लावणाऱ्या बायांसाठी उघडी ठेवली, तर दिवसाची वीज दिवसाच्या कामाला लागेल आणि त्यांच्या डोळ्यांनाही उजेड मिळेल. दुकानातून काम देताना नगाच्या दरात बल्बचे पैसेही धरता येतात.

‘जयणा’ हा शब्द आपण चुलीशी आणि पाण्याच्या माठाशी ठेवून दिला. गॅस पेटवताना जपून, पाणी ओतताना जपून. तो शब्द मीटरच्या डब्यापर्यंत, बॉयलरपर्यंत, ट्रस्टच्या ठरावापर्यंत न्यायला काय हरकत आहे? या पर्युषणात इंगालकम्मेचा उच्चार झाला की आपल्या घरातल्या बाईने घरातल्या शेठला एवढंच विचारावं: आपल्या धंद्यात काय जळतं, आणि त्याचं बिल कोण भरतं?